पिवळी पुस्तके, भाड्याचा व्हीसीआर, मेमरी कार्ड: या आठवणी कोण लिहून ठेवणार?

खिळेजुळारी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. हा धागा काढावा की नाही याचा विचार मी बरेच दिवस करत होतो. विषय अश्लील साहित्याच्या आठवणींचा आहे. ते साहित्य येथे उतरवायचे नाही, त्याची वर्णने नकोत, आणि कोणाच्याही लहान वयातील प्रसंग तर अजिबात नकोत. सज्ञान झाल्यावर ही पुस्तके, या फिती आपल्या आयुष्यात कोणत्या वाटेने आल्या, त्या कोठे ठेवल्या, कोणापासून लपवल्या आणि त्यांनी आपल्यात काय बदलले, एवढ्यावरच बोलावे अशी विनंती आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. १९७३ ते १९८८ अशी पंधरा वर्षे मी पुण्यातील एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम केले. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, हँडबिले, व्रतकथांच्या पोथ्या ही दिवसाची कामे असत. वर्षातून पाचसहा वेळा मात्र मालक संध्याकाळी जवळ येऊन हळूच म्हणत, ‘आज थांबा.’ एवढ्या दोन शब्दांवर मला आणि ट्रेडलवरच्या, म्हणजे छपाईच्या यंत्रावरच्या, माणसाला सर्व समजत असे. रात्री आठनंतर पुढची फळी लागे, हस्तलिखित बाहेर निघे आणि आम्ही पहाटेपर्यंत जुळवत बसत असू. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि लग्न व्हायचे होते, त्यामुळे त्या मजकुराने माझ्यावर काही परिणाम केला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण जुळाऱ्याचे वाचन वाचकाच्या वाचनासारखे नसते. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, अक्षरे उलटी दिसतात, डोळा ओळीवर नसून पुढच्या खिळ्यावर असतो, आणि एखादे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. पहिल्या दोन रात्रींनंतर मला त्या मजकुरापेक्षा काने आणि मात्रा पुरतील की नाही याचीच काळजी अधिक वाटू लागली, कारण आमच्याकडे पायका मापाचा टाइप दोनच केस, म्हणजे खिळ्यांच्या दोनच कप्पेपेट्या, होता आणि एका वेळी चार पानांपेक्षा अधिक जुळवून ठेवता येत नसे.

मला सांगायचे आहे ते यापुढचे. चार पाने छापून झाली की लगेच मजकूर मोडून खिळे आपापल्या घरांत परत सोडायचे, आणि मग पुढची चार पाने. एरवी एखाद्या पोथीचा मजकूर आम्ही दोरा बांधून महिनोन्‌महिने ठेवत असू, कारण ती पुन्हा छापावी लागे. या पुस्तकांचे तसे नव्हते. सकाळी नऊ वाजता इतर कामगार येत तेव्हा केसमधले खिळे जागच्या जागी असत, प्रुफे बंबात गेलेली असत, हस्तलिखित मालक स्वतः घेऊन गेलेले असत, आणि रात्री ज्या खिळ्यांनी ते पुस्तक जुळवले त्याच खिळ्यांनी मी कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका जुळवत असे. आणीबाणीच्या काळात छापखान्यांवर करडी नजर होती म्हणून मालकांनी हे काम पूर्ण थांबवले. १९७७ नंतर ते पुन्हा सुरू झाले आणि दुपटीने वाढले.

मी अशी निदान चाळीस पुस्तके जुळवली असतील. त्यांपैकी एकही आज माझ्यापाशी नाही. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी अनेक वर्षे शोधली. रद्दीवाले जुने दिवाळी अंक काढून दाखवतात, शाळेची पुस्तके दाखवतात, आणि या पुस्तकांचे नाव काढले की ‘ती लगेच जातात’ किंवा ‘ती फाडून टाकतो’ एवढेच सांगतात. पिवळ्या जिलेटिनमध्ये गुंडाळलेली ती पुस्तके एस.टी. स्टँडवर, रेल्वे स्टेशनबाहेर, फूटपाथवर हजारोंनी विकली गेली. एका पिढीच्या पुरुषांनी स्त्रीपुरुषसंबंधांविषयी जे काही चुकीचे आणि थोडेफार बरोबर समजून घेतले, ते त्यांतून घेतले. ‘हैदोस’ हे मासिकाचे नाव काढले की साठीपुढचे गृहस्थ अजूनही नजर चुकवतात. इतक्या लोकांनी वाचलेले साहित्य इतके संपूर्ण नाहीसे व्हावे आणि त्याविषयी कोणी एक ओळ लिहू नये, हे मला सोसत नाही. म्हणून हा धागा.

ग्रंथपाल_निवृत्त

काका, फार महत्त्वाचा विषय काढलात. मी सार्वजनिक ग्रंथालयात तीस वर्षे काम केले आहे, म्हणून हे साहित्य ग्रंथालयांत का नाही त्याची कारणे नोंदवतो.

१८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापणे बंधनकारक होते. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असे ठरले. त्यांत मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पिवळ्या पुस्तकावर नाव-पत्ता खरा असता तर पोलीस दारात आले असते. म्हणजे ही पुस्तके जन्मतःच दोन्ही कायद्यांच्या बाहेर होती. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकेक पुस्तक हातात घेऊन केली, त्या कष्टांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु सूचीकाराच्या हाती पुस्तक यायला ते आधी कोठेतरी ठेवलेले असावे लागते.

दुसरे कारण न्यायालयीन आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर पुण्यात खटला झाला. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्या ताब्यातील अंक नष्ट करण्याचा आदेश दिला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले आणि समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत असेही नमूद केले. वास्तविक ‘श्यामा’ ही एका कवी-शिक्षकाची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची कथा. काकांच्या रात्रीच्या पुस्तकांशी तिचे काही नाते नाही. पण अशा खटल्यांचा धाक ग्रंथालयांनी खाल्ला. आमच्याकडे देणगीत आलेल्या गठ्ठ्यांतून ‘संशयास्पद’ म्हणून काय काय बाजूला काढले जाई, याची यादी कधीच झाली नाही. बाजूला काढणाऱ्यांत मीही होतो. त्यांत काही वैद्यकीय पुस्तकेही गेली, आणि त्याचा मला आज पश्चात्ताप होतो.

काका, एक विचारतो. या पुस्तकांवर लेखक म्हणून कोणाचे नाव असे?

अबोली_६२

मी येथे वाचनमात्र असते. आज लिहिते आहे, कारण या विषयावर पुरुष बोलू लागले की थोड्याच वेळात त्याला स्मरणरंजनाची गोडी येते आणि बाई त्या आठवणीत केवळ चित्रापुरती उरते. खिळेजुळारी काकांनी तसे केलेले नाही, म्हणून धीर झाला.

माझे लग्न १९८५ साली झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. डोंबिवलीला आमच्या दोन खोल्या होत्या. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागले होते, व्हीसीआर मात्र भाड्यानेच आणायचा. शनिवारी रात्री मजल्यावरच्या पाच-सहा घरांची वर्गणी काढून तो आणत. आधी सर्वांसाठी दोन हिंदी चित्रपट लागत, मुले सतरंजीवर झोपी जात, आणि मग कोणीतरी म्हणे, ‘आता बायका-मुलांनी झोपायला जावे.’ आम्ही मुलांना उचलून शेजारच्या खोलीत नेत असू. पुरुषांनी पिशवीतून तिसरी कॅसेट आणलेली आहे, हे आम्हां सर्वजणींना माहीत असे. तिला ते ‘बीपी’, म्हणजे ब्लू पिक्चर, म्हणत. जणू रक्तदाबाचीच गोष्ट चालली आहे, असा तो शब्द आमच्यादेखत वापरत. रात्री दीडच्या सुमारास भिंतीवर टकटक होई, त्याचा अर्थ चहा ठेवायचा. मी चहा करून दाराबाहेर ट्रे ठेवत असे, दार फटीएवढे उघडून तो आत घेतला जाई. शेजारच्या खोलीत आम्ही सहा जणी अंधारात जाग्या पडून असू आणि कोणी एक शब्द बोलत नसे. माझ्या लेखी त्या सबंध प्रकाराची आठवण म्हणजे ती शांतता आहे.

पुढे जे झाले ते अनेकींच्या बाबतीत झाले असणार. माझ्या नवऱ्याने मला कधी मारले नाही, तो चांगला माणूस होता आणि आता हयात नाही. पण त्या दोन-तीन वर्षांत त्याची माझ्याकडे पाहण्याची नजर बदलली. माझ्यात काहीतरी कमी आहे, हे तो न बोलता सांगू लागला. जे त्याने पाहिले होते ते मी पाहिलेले नव्हते, त्यामुळे नेमके काय कमी आहे हेही मला कळत नव्हते. ही गोष्ट आईला सांगता येत नाही, बहिणीला सांगता येत नाही, डॉक्टरांना तर नाहीच.

एकदा अशी एक कॅसेट सोमवारपर्यंत आमच्याच घरी राहिली. दुपारी दार लावून मी ती लावली. दहा मिनिटे पाहिली असेल. मला किळस आली असे सर्वांना वाटेल, परंतु तसे झाले नाही. मला त्या पडद्यावरच्या बाईचे तळपाय लक्षात राहिले. ते मळलेले होते. आणि ती सारखी कॅमेऱ्याच्या बाजूला कोणाकडे तरी पाहत होती, जशी मी भिंतीवरच्या टकटकीची वाट पाहत असे तशी. कोणीतरी ‘पुरे’ म्हणण्याची ती वाट पाहत असावी असे मला वाटले. मी यंत्र बंद केले. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी आज प्रथम सांगते आहे.

आठवणींची नोंद करायची असेल तर भिंतीच्या दोन्ही बाजूंची करा.

खिळेजुळारी (धागाकर्ता)

अबोलीताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी वर ‘एका पिढीच्या पुरुषांनी समजून घेतले’ असे लिहिले, आणि त्या समजुतीची किंमत कोणी मोजली हे लिहिले नाही. ती चूक मान्य करतो.

ग्रंथपाल, आपल्या प्रश्नाचे उत्तर सवडीने देतो. ते एका ओळीचे नाही.

वकील_नागपूर

कायद्याविषयी थोडी भर घालतो, कारण आठवणी लिहिताना अनेकांना ‘हे लिहिणे गुन्हा तर नाही ना’ अशी भीती वाटते.

भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये विक्री, वितरण, प्रदर्शन आणि विक्रीसाठी बाळगणे हे गुन्हे होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली. प्रौढांविषयीचे साहित्य प्रौढ व्यक्तीने खासगीत स्वतःपुरते बाळगणे हा त्या कलमाखाली गुन्हा नव्हता आणि नाही. बालकांविषयीच्या सामग्रीची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. ती बाळगणेही गुन्हा आहे आणि तसेच असले पाहिजे. आठवण लिहिणे म्हणजे साहित्य विकणे नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे.

इतिहास म्हणून दोन टप्पे सांगण्यासारखे आहेत. १९६४ मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याचे, रणजित उदेशी यांचे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची असंक्षिप्त प्रत विकल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती आणि ती कायम राहिली. दुकानातल्या प्रत्येक पुस्तकात काय आहे हे विक्रेत्याला कसे माहीत असणार, हा बचाव टिकला नाही. त्या निकालात १८६८ चा इंग्लंडमधील हिकलिन निकष स्वीकारला गेला: ज्यांची मने अशा प्रभावाला खुली आहेत त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे का, हे पाहायचे. म्हणजे समाजातला सर्वांत दुबळा वाचक डोळ्यांपुढे ठेवून सर्वांसाठी निर्णय करायचा. तो निकष सोडून समकालीन समाजाची मापे लावायची, हे स्पष्टपणे सांगायला २०१४ साल उजाडावे लागले. काकांच्या छापखान्यातील रात्री या दोन वर्षांच्या मधल्या आहेत. मालक पुढची फळी का लावत, याचे उत्तर त्यात आहे.

तळजाई

‘श्यामा’चा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’चे बांधीव खंड होते आणि ते घरात कोणी उघडत नसे, कारण मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते मासिक जवळजवळ एकट्याने चालवले. त्यात संततिनियमन होते, गुप्तरोगांची माहिती होती, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे होती. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, आणि तरीही दंड झालाच.

मी ते खंड उघडले तेव्हा चाळीस वर्षांचा होतो आणि मला दोन मुले होती. वाचकांनी विचारलेले प्रश्न वाचताना मी थक्क झालो, कारण त्यांपैकी कितीतरी प्रश्न माझे स्वतःचे होते आणि त्यांची उत्तरे मी विशीत कॉलेजच्या होस्टेलवर पिवळ्या पुस्तकांतून गोळा केली होती. बहुतेक सगळी चुकीची. उत्तरे ट्रंकेत होती. दोन्ही प्रकारच्या कागदांवर आम्ही एकच शिक्का मारला आणि दोन्ही एकाच जागी लपवले, त्याचा हा परिणाम. कर्व्यांचे नाव आता सन्मानाने घेतले जाते, पण घरातल्या त्या ट्रंकेची आठवण कोणी सांगत नाही.

वऱ्हाडी_रिचार्ज

मी वयाने तुमच्यापेक्षा लहान आहे, पण माझी आठवण या धाग्यात बसते. अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी २००९ ते २०१६ माझे मोबाईल रिचार्जचे दुकान होते. तेव्हा नेट महाग होते, म्हणून लोक मेमरी कार्ड भरून घेत. दोन जीबीचे कार्ड, वीस रुपये. भक्तिगीते, भीमगीते, नवीन सिनेमे, जे हवे ते. आणि कार्ड हातात देताना अर्ध्याअधिक गिऱ्हाईकांचे शेवटचे वाक्य असे, ‘थोडं ते पण टाकजो.’ ‘ते’ म्हणजे काय हे कोणी कधी उच्चारले नाही. तालुक्यात अशी आमची सात दुकाने होती. २०१६ मध्ये स्वस्त डेटा आला आणि सहा महिन्यांत हा धंदा बसला.

काकांनी खिळ्यांविषयी लिहिले ते वाचून मला माझ्या संगणकातला फोल्डर आठवला. मीसुद्धा सामग्री पाहत नसे, फक्त आकार पाहत असे: कार्डात किती जागा उरली, किती एमबी बसतील. पण एके दिवशी एक नवी क्लिप आली होती आणि कॉपी होताना आवाज चालू राहिला. त्यातली बाई वऱ्हाडी बोलत होती. आपल्या गावाकडचे हेल, आपले शब्द. तोपर्यंत जे काही येई ते परदेशी असे, त्या लोकांना नाव-गाव असते असे माझ्या मनातही आले नव्हते. ही क्लिप तिला न कळता काढलेली होती, हे ऐकणाऱ्याला लगेच समजत होते. मी ती पुसली. परंतु सकाळपासून अकरा कार्डांवर ती मी दिलेली होती, आणि ती अकरा माणसे मला ओळखीची असूनही मी कोणाकडे जाऊन ‘ते पुसून टाका’ असे म्हणालो नाही. मला धंद्याची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी तिच्यासाठी काही केले नाही. फोल्डर त्या दिवसापासून बंद केला, पण अकरा कार्डे गेली ती गेलीच.

तिच्या जागी माझी बहीण असती तर मी अकरा घरे पालथी घातली असती. हे मला रोज आठवते असे नाही. पण कोणी ‘मेमरी’ हा शब्द उच्चारला की आठवते.

वकील_नागपूर

आपण हे प्रामाणिकपणे लिहिलेत. चोरून केलेल्या चित्रीकरणासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-ई २००९ पासून लागू झाले, म्हणजे आपले दुकान सुरू झाले त्याच वर्षी. येथे वाचणाऱ्या कोणाच्या बाबतीत असे घडले असेल तर त्या व्यक्तीचा दोष नाही आणि तक्रार करता येते, हे मी ठळकपणे सांगू इच्छितो.

सह्यकडा

मतभेद नोंदवतो. वरील दोन अनुभव वाचल्यावर माझे मत उलट पक्के झाले की हे सर्व विसरले जावे. प्रत्येक समाज काही गोष्टी वाहून जाऊ देतो. ज्यांच्यापायी बायकांनी अंधारात जाग्या रात्री काढल्या, त्या पुस्तकांना आणि फितींना ‘सांस्कृतिक ठेवा’ म्हणण्याची गरज मला दिसत नाही. गाथासप्तशती आहे, लावणी आहे. शृंगाराची आपली परंपरा त्यांत सुरक्षित आहे.

ग्रंथपाल_निवृत्त

सह्यकडा, आपला मुद्दा हलका नाही. पण गाथासप्तशती पुढे केली की चर्चा थांबते, असे मी फार वेळा पाहिले आहे. हाल राजाच्या त्या संग्रहातील गाथा आणि एस.टी. स्टँडवरचे पुस्तक यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे. आपल्या वडिलांच्या पिढीने प्रत्यक्ष काय वाचले याचे उत्तर गाथांत मिळणार नाही.

जपणे म्हणजे मांडून ठेवणे नव्हे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकात असे साहित्य वेगळ्या विभागात ठेवले आणि त्या विभागाला ‘नरक’ असे नाव दिले. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात ‘प्रायव्हेट केस’ होती. दीर्घकाळ कुलपात राहिलेली ती पुस्तके आज अभ्यासक वाचतात आणि त्यांतून त्या काळातील छपाई, वर्गभेद, स्त्रियांची स्थिती यांविषयी लिहितात. मात्र वऱ्हाडी_रिचार्ज यांच्या अनुभवानंतर मी एक रेघ ओढतो. छापील मजकूर जपावा, कारण त्यात खरी व्यक्ती नसते. ज्या चित्रफितीत माणसाची संमती नाही ती नष्टच झाली पाहिजे, तिच्यावर इतिहासाचा काही हक्क नाही. आणि अबोलीताईंनी पाहिलेली कॅसेट या दोहोंच्या मधली आहे. त्या बाईने संमती दिली होती का, पैसे मिळाले का, हे कॅसेट जपून कळणार नाही. अबोलीताईंची ती दहा मिनिटे लिहिलेली राहिली, ही मला अधिक मोलाची नोंद वाटते.

अबोली_६२

सह्यकडा यांना एवढेच सांगते: विसरून जाण्याची सोय आम्हांला नव्हती. ज्यांना विसरायचे असेल त्यांनी खुशाल विसरावे, पण आम्हांला सांगू द्यावे.

पश्चिमरंग

एक वेगळी आठवण. मी समलिंगी आहे. १९८९ साली मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जुन्या इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्यात एक परदेशी मासिक हाती लागले, ज्यात पुरुषांची छायाचित्रे होती. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले नाही, पाने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ते मासिक उत्तेजक होते हे खरे, पण मी ते सहा महिने जपले त्याचे कारण निराळे होते: माझ्यासारखे लोक असतात, आणि इतके असतात की त्यांच्यासाठी कोणी मासिक छापते, याचा तो माझ्यापाशी असलेला एकमेव पुरावा होता. पुढच्या वर्षी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांसाठीचे नियतकालिक सुरू झाले आणि बोलायला शब्द मिळाले. मराठी पिवळ्या पुस्तकांत आमचा उल्लेख आलाच तर टवाळीसाठी येई. लग्नाचा विषय निघाला तेव्हा मी ते मासिक लोकलमधून खाडीत टाकले. ते टाकल्याचे दुःख मला अजून आहे, आणि हे वाक्य लिहिताना संकोच वाटत नाही.

खिळेजुळारी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ग्रंथपालांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते.

लेखकाचे नाव हस्तलिखितावर कधीच नसे. मुखपृष्ठ जुळवताना मालक जे सुचेल ते सांगत, बहुधा ‘कुमार’ किंवा ‘मदन’ असलेले एखादे नाव. प्रकाशनस्थळ म्हणून दूरच्या एखाद्या शहराचे नाव घालत. दोनदा त्यांनी ‘तूच घाल काहीतरी’ म्हटल्यावर ती नावे मी बनवली. म्हणजे मराठीत दोन लेखक असे आहेत, ज्यांना मी जन्म दिला. हस्तलिखिते मात्र तीन वेगवेगळ्या हातांची असत, आणि त्यांतला एक हात मी आजही ओळखेन: जाड निबाची शाई, वळणदार अक्षर, समासात ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या. असा मजकूर लिहूनही त्या माणसाला ‘स्त्री’चा ‘त्रि’ ऱ्हस्व झालेला चालत नसे. दुरुस्ती केली नाही तर पुढच्या हस्तलिखितासोबत चिठ्ठी येई.

अबोलीताईंचे वाचल्यापासून मला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते आहे. आमच्या छापखान्यात फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालून मोडायला आणि शिवायला तीन बायका येत. रात्री छापलेले फर्मे सकाळी त्यांच्यापुढे ठेवले जात, कारण घडी घालण्याचे काम दुसरे कोण करणार. त्यांपैकी वयाने मोठ्या असलेल्या मावशींना अक्षरओळख नव्हती. एकदा त्यांनी मला विचारले, ‘दादा, हे कशाचं पुस्तक?’ मी म्हणालो, ‘पोथी आहे, व्रताची.’ त्यांनी मान डोलावली आणि दोन हजार फर्म्यांच्या घड्या घातल्या. संध्याकाळी पैसे घेताना माझ्यापाशी थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘पोथी असती तर पहिला फर्मा तुम्ही देवापुढं ठेवला असता.’

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला कामावर आल्या. मी त्यांच्याशी पुन्हा कधी खोटे बोललो नाही, आणि त्यांनीही मला पुन्हा कधी विचारले नाही.